पेक्टिनोफोरा : एका लहान पतंगाच्या वंशनिश्चितीचा इतिहास

१. विषयप्रवेश

विदर्भ-मराठवाड्यातील कापूसकरी बोंडअळ्यांचे तीन प्रकार ओळखतो : ठिपक्यांची, हिरवी आणि गुलाबी. गुलाबी अळीस कोठे कोठे शेंदरी असेही म्हणतात. ही वर्गवारी अळीचा रंग आणि तिने केलेली नासाडी यांवर उभी आहे, आणि शेताच्या बांधावर तिचे काम चोख होते. परंतु या तीन अळ्यांपासून होणारे पतंग कोणते, आणि त्या पतंगांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न त्या वर्गवारीत उद्भवत नाही. शेतकऱ्याची भाषा अळीस नाव देते. कीटकविज्ञान पतंगास नाव देते. विज्ञानाच्या दृष्टीने पहिल्या दोन अळ्यांचे पतंग एरियास आणि हेलिकोव्हर्पा या वंशांतील असून ते नॉक्टुऑइडिआ या एकाच अधिकुलात मोडतात. गुलाबी अळीचा पतंग मात्र त्यांच्यापासून फार दूरच्या, जेलेकिइडी या लहान पतंगांच्या कुलातील आहे. आज त्याचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे.

या जोडनावातील दुसरे पद, म्हणजे जातिवाचक पद, १८४३ सालापासून आजतागायत बदललेले नाही. पहिले पद, म्हणजे वंशवाचक पद, मात्र चार वेळा बदलले. डिप्रेसारिया, जेलेकिया, पेक्टिनोफोरा, प्लॅटिएड्रा आणि पुनश्च पेक्टिनोफोरा असा त्याचा प्रवास आहे. विद्यार्थ्यास ही नावांची उलटापालट कंटाळवाणी वाटते, आणि वर्गीकरणकारांच्या हट्टापलीकडे तिला काही अर्थ नसावा असा त्याचा समज होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासण्याचा आहे. वंशाची स्थापना म्हणजे नुसते नामकरण नव्हे. ते आप्तसंबंधाविषयी केलेले एक विधान असते. त्या विधानातून त्या प्राण्याचे भक्ष्य, त्याचे मूळ स्थान आणि त्याचे इतर सोयरे यांविषयी काही अपेक्षा निर्माण होतात, आणि विधान बदलले की अपेक्षाही बदलतात. पेक्टिनोफोराचा इतिहास हे या गोष्टीचे, आणि तेही आपल्या अंगणातले, उदाहरण होय.

२. भडोचचा पतंग

या इतिहासाचा आरंभ त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील भडोच येथे होतो. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसासाठी केवळ अमेरिकेवर विसंबणे धोक्याचे आहे, हा विचार त्या काळी इंग्लंडात बळावत होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही अनुभवी लागवडदारांस हिंदुस्थानात आणले आणि अमेरिकन जातीच्या कापसाचे प्रयोग निरनिराळ्या प्रांतांत सुरू केले. भडोच येथील शासकीय कापूस-लागवडीच्या अधीक्षकांस आपल्या अमेरिकन कापसाची बोंडे आतून पोखरली जात असल्याचे आढळले. त्यांनी त्या किडीचे नमुने लंडनला धाडले आणि ही कीड नव्याने आणलेल्या अमेरिकन कापसाचे फार नुकसान करते, अशी माहिती सोबत दिली.

हे नमुने विल्यम विल्सन सॉन्डर्स यांच्या हाती आले. सॉन्डर्स हे व्यवसायाने लॉइड्सच्या विमा-व्यवहारातील गृहस्थ होते. परंतु लंडनच्या कीटकविज्ञान संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. संग्राहक आणि वर्णनकार हा व्यवसायाने शास्त्रज्ञ असलाच पाहिजे, अशी त्या काळी अट नव्हती. त्यांनी या पतंगाचे दोन पृष्ठांचे वर्णन संस्थेच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केले आणि त्यास डिप्रेसारिया गॉसिपिएला असे नाव दिले. या वर्णनाचे वर्ष सामान्यतः १८४३ असे देतात; काही सूचींत ते १८४४ असे आढळते.

या नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘गॉसिपियम’ हे कापसाच्या वंशाचे नाव, आणि त्यास जोडलेला ‘-एला’ हा प्रत्यय. लिनियस यांनी पतंगांच्या निरनिराळ्या गटांस निरनिराळे प्रत्यय ठरवून दिले होते. पाने गुंडाळणाऱ्या टॉर्ट्रिक्स गटातील जातींस ‘-आना’, पायरॅलिस गटास ‘-आलिस’, आणि टिनिया या गटातील चिमुकल्या पतंगांस ‘-एला’. म्हणजे सॉन्डर्स यांनी जातीचे नाव ठेवतानाच ‘हा टिनियाच्या गोतावळ्यातील पतंग आहे’ असे सूचित करून ठेवले. ते सूचन टिकले. टिकले नाही ते वंशाचे नाव. आणि त्याचे कारण सॉन्डर्स यांचा निष्काळजीपणा नसून त्या काळच्या ज्ञानाची मर्यादा हे होते. हॅवर्थ यांनी १८११ साली स्थापलेल्या डिप्रेसारिया या वंशात वर वळलेल्या ओष्ठस्पर्शकांचे पुष्कळ लहान पतंग तेव्हा ठेवले जात असत. भडोचहून आलेल्या पतंगास तेथे जागा मिळाली ती त्यास दुसरी अधिक योग्य जागा ठाऊक नव्हती म्हणून.

३. लहान पतंगांची अडचण

लहान पतंगांचे वर्गीकरण मोठ्या पतंगांच्या मानाने इतके मागे का राहिले, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास उलगडत नाही. पहिली अडचण आकाराची. गुलाबी बोंडअळीचा पतंग पंख पसरले असता दीड ते दोन सेंटिमीटर भरतो, आणि आपल्या कुलात तो लहानसहान गणला जात नाही. त्याचे पुढचे पंख करड्या-तपकिरी रंगाचे असून त्यांवर गडद, अनियमित पट्टे असतात. मागचे पंख रुपेरी करडे, टोकाशी निमुळते व लांब केसांची झालर असलेले असतात. अशा वर्णनाचे शेकडो पतंग जगात आहेत. त्यातून संग्राहकाच्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी पंखांवरील खवले झडून जातात, आणि ज्या रंगांच्या आधाराने जात ओळखावयाची ते रंगच नाहीसे होतात.

दुसरी अडचण लक्षणांच्या निवडीची. रंग फसवे ठरतात म्हणून वर्गीकरणकार अंगाच्या रचनेकडे वळले. त्यांनी ओष्ठस्पर्शकांची लांबी व वळण, पंखांतील शिरांची संख्या व फाटे, आणि शृंगिकेची घडण ही लक्षणे घेतली. यांपैकी कोणते लक्षण नात्याचे निदर्शक आणि कोणते केवळ योगायोगाचे, हे लक्षण स्वतः सांगत नाही; ते अनेक जातींच्या तुलनेतूनच ठरवावे लागते. जितक्या जाती कमी ठाऊक, तितका निर्णय कच्चा.

हिंदुस्थानापुरते पाहावयाचे तर ही तुलनेची सामग्री विसाव्या शतकाच्या आरंभी एका विलक्षण माणसाच्या श्रमाने उपलब्ध झाली. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हे इंग्लंडातील मार्लबरो येथील शाळेत अभिजात भाषांचे अध्यापक होते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी जगभरच्या लहान पतंगांच्या दहा हजारांहून कितीतरी अधिक जातींची वर्णने केली. हिंदी लहान पतंगांवरील त्यांची लेखमाला १९०५ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात प्रसिद्ध होत गेली. कारवार, कूर्ग, खासी टेकड्या आणि पुढे पुसा येथून संग्राहकांनी पाठविलेले नमुने त्यांच्या टेबलावर जात, आणि तेथून नावे घेऊन परतत. पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी या पतंगांची जीवनवृत्ते जुळविण्याचे काम केले. मेरिक यांची दृष्टी तीक्ष्ण आणि लेखणी काटेकोर होती. परंतु त्यांची पद्धती शिराविन्यास व स्पर्शक यांवर आधारलेली होती, आणि जननेंद्रियांच्या विच्छेदनावर वर्गीकरण उभारण्यास त्यांचा कायम विरोध राहिला. या विरोधाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. तो पुढे दिसून येईल.

दरम्यान भडोचचा पतंग डिप्रेसारियातून निघून जेलेकिया या वंशात दाखल झाला होता. हे स्थलांतर योग्य दिशेने होते. मागच्या पंखाची समलंब चौकोनासारखी घडण आणि त्याचे पुढे काढल्यासारखे टोक ही जेलेकिइडी कुलाची खूण त्याच्या ठायी स्पष्ट होती. परंतु जेलेकिया हा वंश तेव्हा एखाद्या धर्मशाळेसारखा झाला होता. कुलातील ज्या जातीस स्वतःचे घर नाही तिने तेथे उतरावे, अशी स्थिती होती. कूळ सापडले, घर सापडले नाही.

४. बस्क यांचा नवा वंश

हे घर शोधण्याची निकड विज्ञानशालेत निर्माण झाली नाही. ती बंदरांत निर्माण झाली. शेवटच्या पिढीतील अळ्या हंगामाच्या अखेरीस सुप्तावस्थेत जातात, आणि कित्येकदा शेजारशेजारच्या दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत पडून राहतात. अशा जोड-सरकीत अळी वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. पोत्यात भरलेली सरकी जहाजावर चढली की अळीही चढते. १९०६–०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून इजिप्तमध्ये गेलेल्या कापसाबरोबर ही कीड तेथे पोहोचली, आणि थोड्याच वर्षांत तेथील पिकाचे मोठे नुकसान करू लागली. इजिप्तचे बियाणे उत्तम म्हणून नावाजलेले होते. १९११ च्या सुमारास ते मेक्सिकोत नेले गेले. १९१६ साली मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सस राज्यात ही कीड आढळली. जगातील सर्वांत मोठ्या कापूस-उत्पादक देशाच्या दारात शत्रू येऊन ठेपला होता, आणि त्याची ओळख ‘जेलेकिया वंशातील एक जात’ यापलीकडे पक्की नव्हती.

अमेरिकेच्या कृषिखात्यातील ऑगस्ट बस्क (१८७०–१९४४) यांच्याकडे हे काम आले. मूळचे डेन्मार्कचे असलेले बस्क लहान पतंगांचे जाणते होते. हवाई बेटांत ही कीड आधीच पोहोचली असल्याने तेथे जाऊन त्यांनी तिचा जीवनक्रम अभ्यासिला, आणि १९१७ साली कृषिसंशोधनाच्या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या पतंगासाठी नवा वंश स्थापला. शृंगिकेच्या बुडच्या खंडावर लांब, ताठ केसांची एक ओळ असते. ती कंगव्याच्या दातांसारखी दिसते. या लक्षणावरून ‘कंगवा धारण करणारा’ या अर्थी त्यांनी पेक्टिनोफोरा हे नाव योजिले.

नवीन वंशाच्या स्थापनेत नेमके काय घडते, हे येथे थांबून पाहावे. वंशाची व्याख्या लक्षणांनी केली जाते, परंतु वंशाचे नाव लक्षणांस बांधलेले नसते. ते एका जातीस बांधलेले असते. तिला आदर्श जाती म्हणतात. पेक्टिनोफोराची आदर्श जाती गॉसिपिएला. म्हणजे उद्या कंगव्याचे लक्षण निरर्थक ठरले तरी, ज्या वंशात गॉसिपिएला असेल त्या वंशाला हे नाव मिळण्याचा हक्क राहतो; अपवाद एवढाच, की त्या वंशाला त्याहून जुने नाव उपलब्ध असता कामा नये. नाव स्थिर असावे आणि व्याख्येस मात्र सुधारण्याची मोकळीक असावी, यासाठी ही व्यवस्था आहे. वर्गीकरणाच्या इतिहासातील पुष्कळसे वाद या एका नियमाच्या आधारे समजतात. आणि पेक्टिनोफोराचा वादही त्यास अपवाद नाही.

५. विलीनीकरण

मेरिक यांनी १८९५ सालीच प्लॅटिएड्रा नावाचा वंश स्थापला होता. त्याची आदर्श जाती युरोपातील एक पतंग असून त्याची अळी मालवासारख्या, म्हणजे कापूस व भेंडी यांच्याच कुलातील, वनस्पतींवर जगते. गॉसिपिएला ही जाती याच वंशात बसते, असे मेरिक यांचे मत पडले. दोन्ही वंश एकच असतील तर १८९५ चे नाव १९१७ च्या नावाहून जुने. तेव्हा अग्रक्रमाच्या नियमाने पेक्टिनोफोरा हे नाव मागे पडले. लहान पतंगांच्या क्षेत्रात मेरिक यांचा अधिकार एवढा मोठा होता की हे मत सर्वत्र रूढ झाले. १९५०–६० च्या दशकापर्यंतच्या हिंदुस्थानातील कृषि-कीटकशास्त्राच्या पुस्तकांत गुलाबी बोंडअळीचे नाव प्लॅटिएड्रा गॉसिपिएला असेच आढळते, ते या कारणाने.

या विलीनीकरणास चूक म्हणून निकालात काढणे उचित होणार नाही. मेरिक यांनी जे साम्य पाहिले ते खरे होते. दोन्ही पतंग जवळचे सोयरे आहेत, हे आजही मान्य आहे. प्रश्न साम्य आहे की नाही हा नव्हता. या दोघांच्या मध्ये आणखी कोणी अधिक जवळचे आहे काय, हा होता. त्याचे उत्तर देण्यास लागणारे पतंग त्या वेळी मेरिक यांच्यासमोर नव्हते. काही होते ते दुसऱ्या खंडात, कापसाच्या बोंडात दडून होते.

६. क्वीन्सलँडचा पुरावा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील क्वीन्सलँड राज्यात कापसाच्या बोंडात गुलाबी रंगाची अळी सापडत असे, आणि ती जगभर कुप्रसिद्ध झालेली गुलाबी बोंडअळीच होय, असे वाटणे स्वाभाविक होते. एफ. जी. होल्डवे यांनी तिच्या पतंगाची बारकाईने तपासणी केली आणि १९२६ साली ती निराळी जात असल्याचे दाखविले. तिचे नाव त्यांनी प्लॅटिएड्रा स्कुटिजेरा असे ठेवले. वंशाचे नाव त्यांनी प्लॅटिएड्रा हे घेतले, यावरून मेरिक यांच्या मताचा त्या वेळचा प्रभाव कळून येतो.

होल्डवे यांच्या शोधाचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. ज्या प्रदेशात स्कुटिजेरा आहे आणि गॉसिपिएला नाही, तेथे गॉसिपिएला येऊ नये म्हणून बियाण्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्यास अर्थ राहतो. दोन्ही एकच मानल्या तर, ‘कीड आलेलीच आहे, आता निर्बंध कशाला?’ असा युक्तिवाद करता येतो. पतंगाच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या, उघड्या डोळ्यांस न दिसणाऱ्या अवयवांच्या भेदावर एका राज्याचे कृषिधोरण अवलंबून असू शकते.

मात्र वंशाचा प्रश्न सुटण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. कॅनबेरा येथील आय. एफ. बी. कॉमन (१९१७–२००६) यांनी ऑस्ट्रेलियातील गुलाबी बोंडअळ्या आणि त्यांच्याशी संबद्ध वंश यांचे पुनरीक्षण १९५८ साली ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ झूऑलॉजीमध्ये प्रसिद्ध केले. मेरिक यांनी ज्या पद्धतीचा अव्हेर केला होता तीच येथे निर्णायक ठरली. पतंगाचे उदर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून मऊ करावयाचे, आतील कठीण जननेंद्रिये मोकळी करून काचपट्टीवर पसरावयाची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रेखाटन करावयाचे, अशी ही रीत आहे. ती वेळखाऊ असून नमुन्याचा काही भाग तीत खर्ची पडतो. परंतु खवले झडलेल्या, रंग उडालेल्या पतंगाचीही ओळख तिने पटविता येते.

या तपासणीतून कॉमन यांनी तीन निष्कर्ष काढले. पहिला असा की गॉसिपिएला आणि स्कुटिजेरा परस्परांच्या अगदी निकट असून युरोपीय प्लॅटिएड्रापासून वेगळ्या काढता येतात; म्हणून बस्क यांचा पेक्टिनोफोरा हा वंश पुनरुज्जीवित केला पाहिजे. दुसरा असा की या वंशात तिसरीही एक जात आहे. ती पूर्व ऑस्ट्रेलियातील असून स्थानिक जास्वंदवर्गीय वनस्पतींवर वाढते. तिला त्यांनी एन्डेमा हे नाव दिले. तिसरा असा की माल्व्हेसी कुलातील वनस्पतींच्या बियांवर जगणाऱ्या आणखी काही जाती या दोन्ही वंशांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी त्यांनी पेक्सिकोपिया हा सर्वस्वी नवा वंश स्थापला. मेरिक यांना दोन घरांचे एक घर दिसले होते. कॉमन यांनी त्याच वाड्यातील तीन बिऱ्हाडे दाखवून दिली.

७. मूळ स्थानाचा प्रश्न

आता आरंभी केलेल्या विधानाकडे वळता येईल. वंश बदलला की अपेक्षा बदलतात, असे म्हटले होते. गुलाबी बोंडअळीचे मूळ स्थान कोणते, हा प्रश्न बस्क यांच्या काळापासून चर्चिला जात होता. अमेरिकन कृषिखात्यातील सी. एल. मारलॅट यांनी १९१८ साली या प्रश्नावर लिहिताना हिंदुस्थान किंवा दक्षिण आशिया हे मूळ स्थान असावे, असे प्रतिपादन केले. पहिली नोंद भडोचची, आणि इजिप्तमधील प्रसार हिंदी कापसाबरोबर झालेला. तेव्हा हे अनुमान स्वाभाविक होते.

परंतु या अनुमानाचा आधार ऐतिहासिक नोंदी हा होता, आप्तसंबंध हा नव्हता. आणि नोंदींचा आधार फसवा असू शकतो. कारण कीड प्रथम नोंदली जाते ती तिच्या जन्मस्थानी नव्हे, तर जेथे तिच्यामुळे कोणाचे तरी नुकसान होते आणि ते नुकसान लिहून ठेवणारा कोणी तरी असतो तेथे. भडोच येथे अमेरिकन कापूस लावला गेला नसता आणि त्यावर अधीक्षक नेमलेला नसता, तर १८४३ ची नोंद झालीच नसती.

गॉसिपिएला प्लॅटिएड्रात असता तिची निकटची आप्त म्हणून युरोपातील मालवावरचा पतंग पुढे येत होता, आणि साहजिकच दृष्टी पश्चिमेकडे वळत होती. पेक्टिनोफोरा पुनःस्थापित होताच तिच्या दोन सख्ख्या जाती ऑस्ट्रेलियाच्या बाजूस आढळल्या, आणि त्यांपैकी एक तर कापसाच्या लागवडीशी संबंध नसलेल्या रानटी वनस्पतींवर जगणारी निघाली. वंशातील सर्व जाती ज्या प्रदेशात सापडतात तो प्रदेश वंशाचे उगमस्थान असण्याचा संभव अधिक, या तत्त्वानुसार पुढील अभ्यासकांनी हिंदी महासागराची पूर्व बाजू, म्हणजे इंडोनेशिया-मलाया आणि वायव्य ऑस्ट्रेलिया यांमधील प्रदेश, मूळ स्थान म्हणून विचारात घेतला. हा अंतिम निर्णय नव्हे. तीन जातींचा वंश म्हणजे तीन साक्षीदारांचा खटला. चौथा साक्षीदार उद्या दुसऱ्या दिशेनेही येऊ शकेल. परंतु प्रश्नाचे स्वरूप पालटले हे निश्चित. पूर्वी जहाजांच्या मार्गांवरून उत्तर शोधले जात होते. आता ते रानातील जास्वंदवर्गीय झुडपांच्या बियांत शोधावे लागते.

मूळ स्थानाची चर्चा केवळ कुतूहलाची नाही. किडीचे जे नैसर्गिक शत्रू तिला मूळ स्थानी आवरून धरतात त्यांचा शोध तेथेच घ्यावा लागतो. चुकीच्या देशी शोध करणाऱ्यास ते सापडतील कसे?

८. वर्गीकरण आणि शेत

वंशनिश्चितीमुळे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ती म्हणजे या गोतावळ्याची भक्ष्यनिष्ठा. पेक्टिनोफोरा, पेक्सिकोपिया आणि प्लॅटिएड्रा या तिन्ही वंशांचा माल्व्हेसी कुलाशी जवळचा संबंध आहे, आणि बीज हे त्यांच्या अळ्यांचे आवडते भक्ष्य आहे. आज हे वंश पेक्सिकोपिईनी या एकाच गटात ठेवले जातात. म्हणजे मेरिक यांना जाणवलेली जवळीकही वाया गेली नाही, ती वंशाऐवजी त्यावरच्या पायरीवर नोंदली गेली. साठविलेल्या गव्हा-मक्याचे दाणे आतून पोकळ करणारा सायटोट्रोगा हा पतंगही याच गटात धरला जातो. दाण्यात शिरून राहणे ही या घराण्याची जुनी रीत दिसते. जेलेकिइडी कुलात आज साडेचार हजारांहून अधिक जाती वर्णिलेल्या आहेत, आणि २०१३ साली कार्शोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे या कुलाची नवी मांडणी प्रसिद्ध केली. तीतही या गटास स्वतंत्र स्थान आहे.

या भक्ष्यनिष्ठेची किंमत महाराष्ट्राने अलीकडे मोजली आहे. अळीस मारक असे जिवाणुजन्य प्रथिन ज्याच्या पेशींत निर्माण होते तो बीटी कापूस भारतात २००२ साली मान्य झाला. तिन्ही बोंडअळ्यांवर तो आरंभी प्रभावी ठरला. परंतु २०१० च्या सुमारास गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीत पहिल्या प्रथिनास प्रतिकारशक्ती आल्याचे निदर्शनास आले, पुढे दोन प्रथिनांच्या वाणांवरही ती जगू लागली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील पिकाचे फार मोठे नुकसान झाले. त्याच वाणांवर हिरवी बोंडअळी मात्र तितकी डोईजड झाली नाही. या भेदाची कारणे अनेक आहेत. दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फरदड घेण्याची प्रथा, जिनांच्या आवारात साठून राहणारी सरकी आणि शेताच्या कडेने साधा कापूस लावण्याच्या नियमाकडे झालेले दुर्लक्ष ही त्यांतील प्रमुख होत. परंतु एक कारण वर्गीकरणाच्या पानावर आधीच लिहिलेले होते. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर पोसते. त्या पिकांत हे प्रथिन नसल्याने तेथे साध्या, प्रतिकारशून्य पतंगांची पैदास चालू राहते, आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्तीचा वेग मंदावतो. गुलाबी बोंडअळीस असा आसरा नाही. अंबाडी-भेंडीसारखी माल्व्हेसी कुलातील मोजकी झाडे सोडली तर कापूस हेच तिचे घर. आणि ते सगळे घर एकाच विषाने भरले असता, जी अळी वाचेल तिचीच प्रजा वाढणार. डोमकळी दिसली आणि बोंड कवडी झाले की शेतकऱ्यास हे कळते; वर्गीकरणकारास ते वंशाच्या भक्ष्यसूचीवरून कळावयास हवे होते. अमेरिकेने अनेक उपाय एकत्र योजून २०१८ साली आपल्या कापूस-प्रदेशातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथेही अळीच्या याच एकनिष्ठेचा लाभ घेतला गेला. जिला दुसरे घर नाही तिला एका घरातून हुसकणे शक्य होते.

९. समारोप

१८४३ ते १९५८ या काळात एका पतंगाच्या वंशाचे नाव चार वेळा बदलले. प्रत्येक बदलाच्या मागे पाहणाऱ्याची दृष्टी एका नव्या अवयवावर स्थिरावली होती. प्रथम स्पर्शकांवर, मग पंखाच्या घडणीवर, मग शृंगिकेच्या बुडाशी असलेल्या केसांवर, मग शिरांवर, आणि अखेरीस उदराच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांवर. पूर्वीच्यांना दिसले ते खोटे नव्हते. ते अपुरे होते. सॉन्डर्स यांनी सांगितलेला गोतावळा बरोबर निघाला, मेरिक यांची जवळीक बरोबर निघाली, बस्क यांचा वंश बरोबर निघाला. चुकले ते प्रत्येकाच्या हाती नसलेल्या नमुन्यांमुळे.

विद्यापीठातील अभ्यासकांस यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडील लहान पतंगांचे आदर्श नमुने बव्हंशी लंडनच्या संग्रहालयात आहेत. मेरिक यांच्या आदर्श नमुन्यांची सचित्र सूची गेट्स क्लार्क यांनी १९५५ ते १९७० या काळात आठ खंडांत सिद्ध केल्यापासून त्यांच्या वर्णनांची पडताळणी येथे बसूनही पुष्कळ अंशी करता येते. अंबाडी, रानभेंडी, पेटारी यांची बोंडे हंगामात गोळा करावी, त्यांतील अळ्या वाढवून पतंग मिळवावे आणि त्यांची जननेंद्रिये तपासावी. एवढ्या कामास मोठी साधने लागत नाहीत. पेक्टिनोफोराचा चौथा साक्षीदार आहे की नाही हे अशाच कामातून ठरेल. भडोचच्या त्या अधीक्षकाने पोखरलेले बोंड फेकून न देता त्यातील पतंग डबीत घालून पाठविला, आणि तेथून हा सारा इतिहास सुरू झाला.